मागचं कपाट

ट्रेलर बाहेर काढण्याआधी तपासायच्या चारुदत्तांच्या यादीत एक्केचाळीस आयटम होते, आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता, गाड्या भाड्यानं ठेवतात त्या स्टोरेज लॉटच्या खडीवर उभं राहून ते एकेक मोठ्यानं वाचत होते.

"हिचची पिन."

"आहे," मी म्हणाले.

"सेफ्टी चेन, दोन्ही, क्रॉस करून."

"आहे."

"टायर प्रेशर."

"मगाशी तुम्हीच चेक केलंत."

"तरी पण, वसुधा. यादी म्हणजे यादी."

मी पस्तीस वर्षं भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशनच्या आधी अशा याद्या मी जन्मभर वाचल्या आहेत, आणि कुणी एखादी ओळ गाळली तर त्याला सगळ्यांसमोर झापलंही आहे. त्यामुळे याद्यांवर माझा राग नाही. माझा राग होता तो त्या यादीत जे नव्हतं त्यावर. पण मी तो बोलून दाखवला नव्हता. लग्नाला सात महिने झाले तरी आम्ही दोघं एकमेकांना तुम्हीच म्हणत होतो, आणि तुम्ही म्हटलं की माणूस बोलण्याआधी तीनदा विचार करतो आणि मग गप्प बसतो.

आमचं दोघांचंही हे दुसरं लग्न. माझा शशिकांत जाऊन सात वर्षं झाली, त्यांची नीलांबरी जाऊन साडेतीन. मी नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला, मुलाच्या घरापासून पाच मिनिटांवर राहत होते. हे इकडे शिकागोजवळ शॉमबर्गला. लॉकडाऊनमध्ये मराठी मंडळाचा ऑनलाइन वाचन-गट सुरू झाला, त्यात ओळख झाली. स्क्रीनवरच्या वीस चौकोनांत हा एकच माणूस असा होता, की दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत स्वतःला म्यूट ठेवायचा. मला ते फार आवडलं. लग्नानंतर कळलं की ते घरातही म्यूटवरच असतात.

आता ट्रेलरविषयी. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं चोवीस फुटी घर, पिकअप ट्रकच्या मागे हिचनं, म्हणजे लोखंडी आकड्यानं, जोडून ओढत न्यायचं. पुढे पलंग, मध्ये टेबल आणि अगदी मागच्या टोकाला स्वयंपाकघर. चारुदत्त आणि नीलांबरीनं तो २०२१च्या वसंतात घेतला होता. रिटायर झाल्यावर अमेरिका बघायची, पण हॉटेलचं खायचं नाही, असा तिचा बेत. तिनं स्वयंपाकघर लावलं. विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेकची पहिली ट्रिप ठरली. निघायच्या आठवडाभर आधी तिचे रिपोर्ट आले. बुकिंग कॅन्सल केलं, आणि तेव्हापासून ट्रेलर हंटलीच्या या लॉटमध्ये कव्हर घालून उभा होता. चारुदत्त दर वसंतात येऊन टायरमध्ये हवा भरून जायचे.

हे सगळं मला त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांच्या मुलीनं, फ्रिस्कोच्या अस्मितानं, फोनवर सांगितलं. "वसुधा मावशी, बाबा स्वतःहून काही बोलणार नाहीत, म्हणून मीच सांगते," ती म्हणाली होती.

या जुलैत एकदा जेवताना चारुदत्त अचानक म्हणाले, "ट्रेलर घेऊन कुठंतरी जाऊ या का?" मला मनापासून आनंद झाला. मी विचारलं, कुठं. ते म्हणाले, "डेव्हिल्स लेक."

नव्या बायकोला पहिल्याच सहलीला सैतानाच्या तळ्यावर नेणारे तुम्हीच, असं मी हसत म्हणाले. हसू वरवरचं होतं. तिची राहून गेलेली ट्रिप आता माझ्या अंगावर घालून पुरी करायची आहे, असंच मला वाटलं, आणि ते लागलं.

आणि एक गोष्ट मीही त्यांना सांगितली नव्हती. मॉरिसव्हिलचं माझं घर मी विकलेलं नाही, भाड्यानं दिलं आहे. भाडेकरूंचा करार ऑक्टोबरअखेर संपतो. मंगळवारी ऋषीचा, माझ्या मुलाचा, फोन आला. "आई, दे वाँट टु रिन्यू. पण तुला परत यायचं असेल तर तसं सांग. नो प्रेशर. मंडेपर्यंत कळव." परत यायचं असेल तर, हे तो इतक्या हळू म्हणाला, की माझ्या आवाजात त्याला काहीतरी ऐकू आलेलं असणार. शॉमबर्गच्या घरात मला कुणी काही कमी केलं नव्हतं. फक्त प्रत्येक खणात आधीच काहीतरी होतं, आणि मी माझ्या वस्तू पाहुणीसारख्या कडेकडेनं ठेवत होते. माझे निम्मे कपडे अजून सूटकेसमध्ये होते. मी मनाशी ठरवलं होतं, की या चार दिवसांत आपल्याला इथं जागा आहे असं वाटलं तर राहायचं. नाही वाटलं, तर सोमवारी ऋषीला सांगायचं, घर रिकामं करून घे.

बुधवारी आम्ही सामान भरायला लॉटवर आलो, तेव्हा मी ट्रेलरच्या स्वयंपाकघरातलं उंच कपाट उघडलं. आत स्टीलचे डबे एकाला एक खेटून बसवलेले. प्रत्येकावर पांढरी पट्टी आणि निळ्या शाईतलं ठसठशीत अक्षर. तांदूळ. तूरडाळ. मूगडाळ. पोहे. साबुदाणा. खालच्या खणात तीन कुकर, लोखंडी तवा, कढया, पोळपाट आणि एक दगडी खलबत्ता. सगळं चार वर्षांपूर्वी भरलेलं, आणि तसंच. मी दार लावून टाकलं.

विचारायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण विचारलं असतं तर त्यांनी ते मुकाट्यानं रिकामं केलं असतं, आणि मग जन्मभर मी ते कपाट रिकामं करायला लावणारी बाई झाले असते. म्हणून मी मूग गिळून गप्प बसले आणि माझं वेगळं स्वयंपाकघर भरलं, प्लॅस्टिकच्या चार क्रेटमध्ये. आपल्याकडे चार दिवसांच्या सामानात आठ दिवस अडकलो तर काय आणि अचानक कुणी जेवायला आलं तर काय, हेही धरलेलं असतं. वीस पौंडांची कणीक, तेवढेच तांदूळ, डाळी, माझा कुकर, बिडाची कढई, मिक्सर, आणि दुसरा मिक्सर, कारण पहिल्याचा भरवसा नाही. हे चारही क्रेट मी त्या कपाटासमोर, ओट्याला टेकून एकावर एक रचले. स्वयंपाकाचं सामान स्वयंपाकघरातच जातं, दुसरीकडे कुठं जाणार.

चारुदत्तांनी पाहिलं. आधी क्रेटकडे, मग कपाटाकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलतील. "पट्टा लावून घट्ट बांधतो," ते म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच फार छान बांधले. चाळीस वर्षं मेकॅनिकल इंजिनिअर होते ते.

तर शुक्रवारी एक्केचाळीस आयटम टिक करून आम्ही निघालो. हायवेला लागल्यावर पहिला अर्धा तास झकास गेला. सप्टेंबर संपत आला होता, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं वाळून पिवळी पडली होती आणि ऊन कोवळं होतं. चारुदत्त उजव्या लेनमध्ये पंचावन्नच्या वर जात नव्हते. मी थर्मासमधला चहा कपात ओतून त्यांना धरून दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "चांगला झालाय." त्यांच्या मानानं हे भाषणच होतं.

मरेंगोच्या पुढे थोडा उतार लागला आणि डावीकडून एक अठरा चाकी ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला. मागून कुणीतरी पदर धरून ओढावं तशी आमची गाडी एकदा डावीकडे गेली, मग उजवीकडे. मला वाटलं, थांबेल. ते थांबलं नाही, प्रत्येक वेळी वाढत गेलं. बाजूच्या आरशात पाहिलं तर आमचंच घर आम्हाला ओव्हरटेक करायला निघालं होतं.

चारुदत्तांचा पाय ब्रेककडे गेला. ब्रेक मारला की मागचा ट्रेलर आडवा होतो, हे त्यांनीच मला तीन व्हिडिओ दाखवून समजावलं होतं. पण घाबरलेल्या पायाला व्हिडिओ आठवत नाहीत.

"ब्रेक नको मारूस," मी म्हणाले. "ॲक्सिलरेटरवरून पाय काढ. स्टिअरिंग सरळ धर. आता ती छोटी कळ दाब."

माझा आवाज अजिबात चढला नव्हता. ऑपरेशन थिएटरमधला आवाज तो, इतक्या वर्षांनी आपोआप आला. त्यांच्या गुडघ्याशी नुसत्या ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी कळ होती. ती त्यांनी दाबली. मागे काहीतरी खेचल्यासारखं झालं, ट्रेलर आणखी दोनदा हलला आणि सरळ झाला. मग आम्ही इमर्जन्सी लाइट लावून तीसच्या स्पीडनं बेल्व्हिडिअरच्या रेस्ट एरियापर्यंत गेलो. 

ट्रकांच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर चारुदत्तांनी स्टिअरिंगवरचे हात काढायला बराच वेळ घेतला. मग खिशातून यादी काढली, पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस केले होते." त्यांचा चेहरा इतका बिचारा झाला होता, की माझा राग अर्धा तिथंच गेला. 

आम्ही खाली उतरून ट्रेलरभोवती चक्कर मारत होतो, तेव्हा शेजारच्या ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर कॉफीचा कप घेऊन आला. पँटला खांद्यावरून गॅलिस लावलेला, पोट सुटलेला, निवांत गडी. त्यानं ट्रेलरचं पुढचं टोक पाहिलं, मग मागे जाऊन वाकून पाहिलं आणि विचारलं, मागे काय भरलंय एवढं.

"नथिंग मच," चारुदत्त म्हणाले.

एवढं होऊनही नथिंग मच. मला ते सहन झालं नाही.

"टू किचन्स," मी म्हणाले.

कुणाची, असं त्यानं विचारलं.

"वन इज हिज वाइफ्स," मी म्हणाले, "अँड द अदर इज हिज वाइफ्स."

त्यानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कॉफीचा एक घोट घेतला. मग अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, की मागचं टोक असं जड झालं की ट्रेलर शेपटी हलवतो. जड सामान चाकांच्या पुढे न्या, उरेल ते ट्रकमध्ये टाका. एका टोकाला एक किचन चालून जाईल, दोन नाही. एवढं बोलून तो आपल्या ट्रककडे गेला.

आम्ही दोघं ट्रेलरच्या मागे उभे राहिलो.

"तुमच्या यादीत ते कपाट नाही," मी म्हणाले.

"नाही."

"हिचवर किती वजन यायला पाहिजे, ते तुम्ही कागदावर काढलं होतंत. मी पाहिलंय. पलंगाचं धरलंत, बॅटरीचं धरलंत. त्या कपाटाचं किती धरलंत?"

त्यांनी हातातली यादी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "शून्य."

"इंजिनिअर माणूस, आणि शून्य?"

"किती ते लिहायचं तर उघडून बघावं लागलं असतं." ते बुटांकडे बघत होते. "मला उघडता आलं नाही, वसुधा. चार वर्षं. टायर बदलले, बॅटरी बदलली, बाहेरून धुतला. मागे गेलोच नाही."

"आणि माझे क्रेट? ते तर डोळ्यांसमोर होते. जास्त होतंय हे कळलं नाही?"

"कळलं. पण बोललो असतो तर तुम्ही तुमचेच उतरवले असते." त्यांनी मान वर केली. "मला तुमचं काही उतरवायचं नव्हतं. घरीसुद्धा तुम्ही सगळं बॅगेतच ठेवता. मला दिसतं ते."

मला वाटत होतं, यांना काही दिसत नाही. सात महिने त्यांना सगळं दिसत होतं आणि ते म्यूटवर होते.

"दिसतं तर बोलला का नाहीत?"

"मंगळवारी ऋषीचा फोन स्पीकरवर होता. मी गराजमधून आत येत होतो. सगळं ऐकलं मी." त्यांनी मागच्या बंपरवरची धूळ हातानं पुसली. "मी काही बोललो आणि ते चुकीचं निघालं, तर तुम्ही सोमवारी जायचं ठरवाल, अशी भीती वाटली. म्हणून म्हटलं, ट्रिप तरी नीट करू या. यादीत काही राहायला नको."

मला राग आला आणि बरं वाटलं, दोन्ही एकदम. चार दिवस हा माणूस माझ्यासारखाच सोमवारची धास्ती घेऊन फिरत होता, आणि त्यावर उपाय म्हणून टायरमधली हवा तपासत होता.

"मग तिचीच जागा का निवडलीत?" मी विचारलं. आता विचारायचंच होतं सगळं. "डेव्हिल्स लेक का?"

"मला दुसरी जागा माहीतच नाही," ते म्हणाले. "जागा ती शोधायची, बुकिंग ती करायची. मी नुसता ड्राइव्ह करणार होतो. तुम्हाला घेऊन कुठंतरी जायचं होतं आणि मला हे एकच नाव येत होतं."

 मी आत जाऊन पट्टे सोडले, क्रेट बाजूला सरकवले आणि कपाटासमोर त्यांच्यासाठी जागा केली. "तुम्ही उघडा," मी म्हणाले. "मी इथंच आहे."

त्यांनी दार उघडलं. थोडा वेळ नुसते पट्ट्यांवरचं अक्षर वाचत राहिले. मग पहिला डबा काढून माझ्या हातात दिला, आणि सवयीनं नाव मोठ्यानं वाचलं.

"तांदूळ."

मी झाकण काढलं. "किडे झालेत. टाकावे लागतील."

"तूरडाळ."

"हीसुद्धा."

"पोहे."

"टाका."

असे आम्ही एकेक डबा घेत गेलो, ते वाचत आणि मी बघून सांगत. बाहेर गवताच्या कडेला पिकनिकचं टेबल होतं, तिथं मी रिकामे डबे मांडत होते. दोन काळ्या पिशव्या भरल्या. डबे उतरवायचे ते थांबले नाहीत. बाजूनं माणसं कॉफी आणि सँडविच घेऊन जात होती, आमच्याकडे बघत होती. बघोत.

सगळ्यात आत, वरच्या खणात, एक काचेची बरणी निघाली. पट्टीवर लिहिलं होतं, लिंबू, मार्च २०२१. आतलं लोणचं काळपट तपकिरी झालं होतं. चारुदत्त ती तशीच पिशवीत टाकायला निघाले.

"थांबा," मी म्हणाले. झाकण घट्ट बसलं होतं, ते फडक्यात धरून उघडलं. वास घेतला. चार हिवाळे आणि पाच उन्हाळे त्या कपाटात काढून ते लोणचं इतकं सुरेख मुरलं होतं, की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी स्वच्छ चमच्यानं एक फोड काढून खाल्ली. मग दुसरी त्यांच्या तळहातावर ठेवली.

ते खाऊन चारुदत्त ट्रेलरच्या पायरीवर बसले आणि रडले. मी शेजारी बसले. मी त्यांना गप्प केलं नाही, पाठीवर हातही फिरवला नाही, नुसती खांद्याला खांदा लावून बसून राहिले. शशिकांत गेला तेव्हा मला सगळे येऊन गप्प करत होते, आणि त्याचा मला फार राग आला होता.

"मीठ जरा जास्तच घालायची," डोळे पुसून ते म्हणाले.

"म्हणून तर टिकलं," मी म्हणाले.

मग सामान पुन्हा लावायला घेतलं, यावेळी बोलून. माझी कणीक, तांदूळ आणि कुकर पुढे पलंगाखाली गेले. माझे दोन्ही मिक्सर, माझी बिडाची कढई, तिचे तीन कुकर आणि खलबत्ता ट्रकमध्ये गेले. खलबत्ता अस्मिताला द्यायचा ठरला. तवा मी तिचाच ठेवला, कारण कबूल करायला हवं, माझ्या तव्यापेक्षा तिचा चांगला होता.

"आणि डबे?" चारुदत्तांनी विचारलं. टेबलावर ते ओळीनं उन्हात मांडलेले होते.

"रिकाम्या डब्यांना कसलं आलंय वजन," मी म्हणाले. "राहू देत. माझं सगळं पिशव्यांतच आहे, ते कशात तरी भरायलाच हवं."

ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं आम्ही ते पुसले, आणि चार दिवसांपुरतं सामान त्यांत घातलं. तिच्या तांदळाच्या डब्यात माझे तांदूळ, तिच्या तूरडाळीत माझी तूरडाळ. साबुदाणा मी खात नाही आणि आणलाही नव्हता, म्हणून त्या डब्यात कॉफी भरली.

"पट्टी बदलू का? मार्कर आहे," ते म्हणाले.

"असू दे. मला माहितीय आत काय आहे ते."

निघण्याआधी चारुदत्तांनी यादी बॉनेटवर ठेवली आणि खाली लिहिलं, ४२. मागचं कपाट, दोघांनी उघडून बघणे. मग मला विचारलं, "हे ठीक आहे?" मी म्हणाले, ठीक आहे.

पुढचा सगळा रस्ता ट्रेलर मुकाट्यानं मागोमाग आला. मॅडिसनच्या आधी तीन मोठे ट्रक आम्हाला ओलांडून गेले. प्रत्येक वेळी आम्ही दोघांनी श्वास रोखला, आणि प्रत्येक वेळी काही झालं नाही. तिसऱ्यानंतर चारुदत्त आपणहून बोलायला लागले. नीलांबरीविषयी बोलले, मग मला शशिकांतविषयी विचारलं. तो गाडी कशी चालवायचा, इथपासून. मी म्हणाले, भयंकर. ते मोकळेपणानं हसले.

डेव्हिल्स लेकच्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलर रिव्हर्समध्ये जागेवर लावायचा होता. आजूबाजूची अमेरिकन जोडपी यासाठी वॉकीटॉकी वापरत होती. मी मागे उभी राहून, "येऊ द्या, येऊ द्या, अजून, डावीकडे, तुमच्या नाही, माझ्या, येऊ द्या," असं ओरडत होते आणि झाडापासून हातभर अंतर राहिल्यावर ट्रेलरच्या पत्र्यावर थाड्‌ थाड्‌ थापा मारल्या. सहाव्या प्रयत्नात बसला. शेजारच्या तंबूतल्या बाईनं टाळ्या वाजवल्या.

पुढचे दोन दिवस आम्ही तळ्याकाठच्या खडकांवर हळूहळू चढलो, गुडघे दुखले की उतरलो, आणि दुपारी वरणभाताबरोबर नीलांबरीचं लोणचं खाल्लं. सोमवारविषयी कुणी काही बोललं नाही. शनिवारी सकाळी चारुदत्तांनी कपाटासमोर उभं राहून विचारलं, "कॉफी कुठंय?" मी म्हणाले, "साबुदाण्यात." रविवारीही विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

सोमवारी सकाळी मी बाहेर घडीच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसले होते. तळ्यावर धुकं होतं. ट्रेलरची खिडकी उघडी होती आणि आत चारुदत्त कॉफी करत होते. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग डब्याचं झाकण. त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं चमचा कपात फिरू लागला, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आई, मॉर्निंग. डिसाइड झालं का?"

आतला चमचा थांबला. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे श्वास ऐकले आहेत, थांबलेला आवाज मला लगेच कळतो. खिडकीच्या आत एक माणूस अजिबात न हलता उभा होता.

"हो," मी म्हणाले. "त्यांना राहू दे. दोन वर्षांचा करार कर."

"शुअर, आई?"

"शुअर. आणि तुझ्या बेसमेंटमध्ये माझे हिवाळ्याचे कपडे आहेत ना, ते सगळे पाठव. इथं कपाटात लावायचेत."

ऋषीनं आणखी काहीबाही विचारलं, मी उत्तरं दिली आणि फोन ठेवला. आत चमचा पुन्हा कपात फिरायला लागला. आम्ही दोघंही कॉफीत साखर घेत नाही, तरी तो बराच वेळ फिरत होता.